अर्धी सुट्टी शहरात, अर्धी डोंगरात: आधी काय, नंतर काय?

खिडकीजवळची
नमस्कार मंडळी,
जूनच्या उत्तरार्धात दहा-बारा दिवसांची सुट्टी जमतेय. आम्ही चौघं आणि चौघांची तोंडं चार दिशांना. मला जुन्या गल्ल्या, चर्च, संग्रहालयं हवीत. एकेका चित्रासमोर मी पाव तास उभी राहते, हसू नका. नवऱ्याला घाम निघाल्याशिवाय सुट्टी झाल्यासारखं वाटत नाही. लेक नववीत आहे, तिला राफ्टिंग, झिपलाइन आणि माझ्या छातीत धडकी भरेल असं जे जे असेल ते सगळं. शिवाय सासरे येताहेत. वय ७१, तब्येत ठणठणीत, पण उतार दिसला की गुडघे संपावर. त्यांचा छंद म्हणजे परक्या गावात ट्राममध्ये बसायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. मध्ये कुठे उतरत नाहीत.

तर प्रश्न असे. आधी शहर करावं की डोंगर? मुक्काम एकाच जागी ठेवावा की दोन-तीन ठिकाणी? ठिकाण पक्कं नाही. युरोप मनात आहे, पण हट्ट नाही. टूर कंपनीबरोबर जायचं नाहीये, तेवढा सल्ला सोडून काहीही सांगा.

झोळीवाला
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरीही हेच भांडण आहे, फक्त सासऱ्यांच्या जागी मेहुणा.

दगडफूल
आधी डोंगर. यात चर्चेला जागाच नाही.
शहर पावसात बघता येतं, सुळका पावसात बघता येत नाही. डोंगराचा दिवस सुरुवातीला ठेवलात आणि ढग आले तर तो पुढे सरकवता येतो. शेवटच्या दोन दिवसांत ठेवलात आणि ढग आले, तर परतीच्या विमानातून बघा डोंगर.

नकाशेमामा
दगडफूल, चर्चेला जागा आहे, मी करतोच.
लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. पूर्वेकडे गेलात तर त्याहून हळू. झोप अर्धवट, लक्ष विस्कटलेलं, आणि अशा अवस्थेत दुसऱ्याच दिवशी अरुंद वाटेवर? पहिले दोन दिवस शहरातच काढावेत, तेही बाहेर उन्हात चालत. सकाळचा उजेड घड्याळ जुळवायला मदत करतो. संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात पहिल्या दिवशी गेलात तर बाकावरच डुलकी लागेल.

दगडफूल
मामा, पहिला दिवस आरामाचा हे मान्य. मी 'आधी' म्हणालो ते त्यानंतरचं आधी.

टिकली
हे म्हणजे निवडणुकीनंतरचं स्पष्टीकरण झालं =))

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. डोंगर झाल्यावर पायांचं काय होतं ते कुणी धरतच नाही. मोठा उतार उतरलं की मांड्या लगेच दुखत नाहीत. दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. त्याच दिवशी तुम्ही 'आज आराम, आज शहर' म्हणत फ्लॉरेन्सच्या घुमटाखाली उभे असता. ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. माझ्या पुढचे एक काका उतरताना पाठमोरे उतरत होते. चौकशी केली तर म्हणाले, परवा डोलोमाइट्सच्या डोंगरांत होतो.

म्हणून मोठ्या ट्रेकनंतर दोन दिवस बोटी, ट्राम, बागा आणि सपाट गल्ल्या. मनोरे नंतर.

सावळागोंधळ
पाठमोरे काका _/\_
खिडकीताई, तुमच्या सासऱ्यांचं तत्त्वज्ञानच बरोबर आहे. ट्राम, शेवटचा थांबा, परत. मी त्यांच्या पक्षात.

उंटावरून
'शहर म्हणजे आराम' हे सगळीकडे चालत नाही. आम्ही पेरूला गेलो होतो. कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर, आणि ज्याच्यासाठी लोक येतात ते माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर. म्हणजे शहर वर आणि भग्नावशेष खाली! उतरल्या उतरल्या कुस्कोत चर्च बघत फिरलं की डोकं ठणकायला लागतं. जाणकार लोक विमानतळावरून थेट खाली सेक्रेड व्हॅलीत जातात, तिथे दोन रात्री काढतात आणि कुस्को शेवटी बघतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम ट्रेकरांना पाठ असतो. शहर बघणाऱ्यांना तो कुणी सांगतच नाही.

आणि इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला चालत जायची जुनी वाट, फेब्रुवारीत बंद असते, डागडुजीसाठी. तुमचा जून चालेल.

खिडकीजवळची
बाप रे. सासऱ्यांना घेऊन ३,४०० नको. पण मुद्दा एकदम पटला.

निवांत_नाना
माझं स्पष्ट मत, राग मानू नका. सुट्टी आहे की शिक्षा? सकाळी गिर्यारोहण, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी कयाक, रात्री तंगड्यांना तेल. माणसाने सुट्टीत एक खुर्ची शोधावी.

सावळागोंधळ
नाना, खुर्ची सोबत न्या, जास्तीच्या सामानाचं शुल्क लागेल. कृपया हलकेच घ्या.

पायवाट_
क्रम आधीच ठरवायचा यालाच माझा विरोध आहे.

केप टाउनचं उदाहरण घ्या. टेबल माउंटन शहराच्या अगदी डोक्यावर, १,०८६ मीटर. १९२९ पासून तिथे केबल कार आहे, आणि वारा वाढला की ती बंद. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटतो आणि माथ्यावर ढगांची चादर पसरते. खालून बघायला फार देखणी, वर असलात तर समोरचं काही दिसत नाही. गंमत अशी की शहराचं मुख्य आकर्षण, म्हणजे मंडेलांनी तुरुंगवासाच्या २७ पैकी १८ वर्षं जिथे काढली ते रॉबेन बेट, तिथे जाणारी बोटही खवळलेल्या समुद्रात रद्द होते. आता सांगा, आधी शहर की आधी डोंगर? उत्तर एकच: सकाळी उठा, वर बघा. माथा मोकळा असेल तर वर चला, बाकी सगळं नंतर.

मी योजना करताना दिवसांना तारखा देतच नाही. दिवसांचे प्रकार करते. स्वच्छ आकाशाचा दिवस, ढगाळ दिवस, पावसाचा दिवस, पाय दुखण्याचा दिवस. प्रत्येक प्रकारात दोन-दोन गोष्टी लिहून ठेवायच्या. तारीख फक्त त्यांनाच, ज्यांचं तिकीट आधी काढावंच लागतं.

नकाशेमामा
पायवाट, हे आवडलं. एक पुरवणी जोडतो: बंद असण्याचे वार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, इतर कितीतरी संग्रहालयं सोमवारी. कागदावर सोमवारच्या रकान्यात आधीच 'डोंगर' लिहून टाकायचं.

टिकली
आणि सोमवारी पाऊस पडला तर?

निवांत_नाना
खुर्ची.

दर्यावर्दी
समुद्रवाल्यांच्या वतीने एक महत्त्वाची गोष्ट, कारण ही चूक जिवावर बेतते. स्कूबा करणार असाल तर तिथे क्रम ऐच्छिक नाही. एकच साधी डुबकी असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, अनेक दिवस डुबक्या मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे. बरेच लोक सरळ २४ धरतात. कारण पाण्याच्या दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये जादा नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब एकदम कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. विमानाचं लोकांच्या लक्षात असतं, पण सकाळी डुबकी आणि दुपारी गाडीने उंच घाट चढून डोंगरातल्या मुक्कामी, हेही तसंच धोक्याचं.
म्हणजे समुद्र आधी, मग शहर, मग डोंगर किंवा विमान. शहर मध्ये ठेवलं की ते तास आपसूक निघून जातात.

झोळीवाला
हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

रविवारची_दुपार
कुणी हाँगकाँगचं नाव कसं घेतलं नाही? काचेचे मनोरे म्हणून लोक तिथे जातात, पण जवळजवळ ४० टक्के भूभाग कंट्री पार्कमध्ये आहे. ड्रॅगन्स बॅकची वाट कड्यावरून चालत शेवटी समुद्रकिनाऱ्यावर उतरते. तिथे जायला मेट्रो आणि मग साधी शहर बस. थोडा दम असेल तर लांताऊ शिखर, ९३४ मीटर. पूर्ण वेडे असाल तर १०० किलोमीटरची मॅक्लेहोज ट्रेल, तीही टप्प्याटप्प्याने करता येते, रोज रात्री शहरातल्याच खोलीवर परत. सामान एकदाच उघडायचं.

दगडफूल
जागा उत्तम, महिना वाईट. जूनमध्ये उकाडा, दमटपणा, मुसळधार पाऊस आणि वादळांचा हंगाम. आठ नंबरचा वादळ इशारा लागला की शहरच बंद होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर जा.

रविवारची_दुपार
हो, जूनसाठी नको. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: एकच मुक्काम. चार माणसं, चार बॅगा, त्यात एक गुडघेवाले. दर दोन दिवसांनी आवराआवर केली तर अर्धी सुट्टी साखळ्या लावण्यात जाईल.

पाणवठा
धागा पहिल्यापासून वाचला. खिडकीजवळची, तुमच्या चारही अटी एका गावात बसतात असं मला वाटतं: इन्सब्रुक, ऑस्ट्रिया. जरा सविस्तर लिहितो.

गाव ५७४ मीटरवर, म्हणजे उंचीचा त्रास नाही. जुन्या गावाच्या कडेला काँग्रेस स्थानकातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढणीची गाडी, सुटते. तिची स्थानकं वास्तुविशारद झाहा हदीदने केलेली आहेत, २००७ सालची. वितळता बर्फ गोठवून ठेवावा अशी छपरं. हुंगरबुर्गला केबल कार बदलायची, मग झेगरूबं सुमारे १,९०५ मीटर आणि तिथून हाफेलेकार सुमारे २,२५० मीटर. शहराच्या मधोमधून वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही उघड्या खडकांत. सासरे वर येऊ शकतात, कारण उतार उतरायचाच नाही.

तुमच्यासाठी: सोनेरी छप्पर, इसवी सन १५०० च्या सुमाराचं, त्यावर मुलामा दिलेले २,६५७ तांब्याचे पत्रे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे होफकिर्खं हे चर्च. सम्राट माक्सिमिलियनच्या समाधीभोवती माणसापेक्षा उंच असे २८ ब्राँझचे पुतळे पहाऱ्याला उभे, आणि समाधी रिकामी! सम्राट पुरलाय विनर नॉयश्टाटला. तिथे तुमचा पाव तास पुरायचा नाही.

लेकीसाठी: इन नदीवर इम्स्टच्या घळीत राफ्टिंग. आगगाडीने जाता येतं. जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, जोर असतो, त्यामुळे त्या दिवसाची पातळी आणि वयाची अट आधी विचारा.

आणि सासऱ्यांसाठी: ६ क्रमांकाची ट्राम जंगलातून वळणं घेत इगल्स गावापर्यंत जाते. दुसरी श्टुबाईटालबान, १९०४ पासूनची अरुंद रुळांची गाडी, शहरातून निघून फुल्पमेसपर्यंत. शेवटच्या थांब्यावर उतरलं नाही तरी चालतं.

खिडकीजवळची
पाणवठा!! सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि 'अरुंद म्हणजे नक्की किती रुंद?' असं विचारलं. निकाल लागला समजा.

पाणवठा
एक मीटर. सांगा त्यांना :)
आणि सहा नंबरची ट्राम आंब्रास किल्ल्याजवळ थांबते. तिथे आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा याने सोळाव्या शतकात जमवलेलं अजब वस्तूंचं दालन आहे. तुम्ही उतरा, ते पुढे जातील, परतीच्या गाडीत भेटा.

गणितमास्तर
ठिकाण ठरलं, आता वेळेचा हिशेब. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला आडाखा अजून वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. उदा. १० किमी चाल + ६०० मीटर चढ = ३ तास. यात बसणं, फोटो, बूट सोडून खडा काढणं धरलेलं नाही. कुटुंबासह असाल तर दीडपट करा. आल्प्समधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी बहुधा वेळच लिहिलेला असतो. तोही विश्रांती न धरता.

गंमत म्हणून हा आडाखा संग्रहालयाला लावून बघितला. खिडकीजवळची, पाव तास प्रति चित्र या वेगाने लूव्र या जन्मात होत नाही.

टिकली
मास्तर =))

दगडफूल
इन्सब्रुकला माझी हरकत नाही, पण नवरोबांसाठी तीन गोष्टी.

एक: जूनअखेरही उत्तर बाजूच्या घळींमध्ये वर बर्फाचे पट्टे असतात. ते ओलांडणं वेगळं कसब आहे. वाट खुली आहे का ते पर्यटन कार्यालयात किंवा डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीवर विचारायचं.

दोन: रंग. ऑस्ट्रियात डोंगरवाटांवर लाल म्हणजे मध्यम अवघड आणि काळा म्हणजे अवघड, जिथे हात वापरावे लागतात, पाय घसरून चालत नाही. लाल म्हणजे धोका आणि काळा म्हणजे साधा असा समज करून घेऊ नये. हाफेलेकारच्या कड्यावर एक प्रसिद्ध क्लेटरश्टाइगही आहे, म्हणजे लोखंडी दोराला हार्नेस अडकवून जायची वाट. लांब आहे आणि नवख्याने वाटाड्याशिवाय जाऊ नये.

तीन: उन्हाळ्यात वीज-वादळं दुपारनंतर जमतात. कड्यावरची चाल सकाळी उरकायची, दोनच्या आत खाली. आणि म्हणून शहर दुपारी. आधी-नंतरचा वाद असा सुटतो: रोज आधी डोंगर, रोज नंतर शहर.

नकाशेमामा
दगडफूल, शेवटी तू जिंकलास असं तुला वाटतंय, पण हा निम्मा माझा मुद्दा आहे.

फाईलबंद
विम्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच लागतं. बहुतेक जण तेवढं बघून स्वस्तातली पॉलिसी घेतात. व्हिसा मिळतो, पण आत 'वगळलेले' या मथळ्याखाली राफ्टिंग, दोरावरची चढाई, ठरावीक उंचीवरचं ट्रेकिंग, हेलिकॉप्टरने सुटका, यातलं काय काय बसलंय ते वाचलेलंच नसतं. आल्प्समध्ये घोटा मुरगळला तरी स्ट्रेचर बहुधा आकाशातूनच येतं. लेकीचं राफ्टिंग आणि नवऱ्याचा कडा, दोन्ही नावं घेऊन कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवर मिळालेलं 'हो सर' दाव्याच्या वेळी कुणाला आठवत नाही.

मदतीचा क्रमांक ११२. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा विजेरी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

खिडकीजवळची
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा कच्चा आराखडा असा:
म्युनिकला उतरणार, तिथे एक रात्र, मग आगगाडीने इन्सब्रुक (दोन तासांच्या आत पोचते असं दिसतंय). पहिला दिवस जुनं गाव पायी. मग पायवाटच्या पद्धतीने प्रकारवार याद्या. स्वच्छ सकाळी नवरा आणि लेक वर, दुपारी होफकिर्खं. राफ्टिंगचं आरक्षण मधल्या दिवसात, मागेपुढे मोकळा दिवस. इटलीतल्या बोझेनचा ओत्झी, म्हणजे बर्फात सापडलेली ती ममी, तोही बघायचा म्हणतेय, रेल्वेने ब्रेनर खिंड ओलांडून. पाच हजार वर्षांपूर्वी ३,२०० मीटरवर एकटा गेलेला माणूस नवऱ्याला दाखवायचाय.

पाणवठा
छान. बोझेनचं ते संग्रहालय जूनमध्ये सोमवारी बंद असतं, तेवढा वार टाळा.

टिकली
ओत्झीच्या खांद्यात बाणाचं टोक सापडलंय हेही नवऱ्याला सांगा. एकटं फिरण्याचे तोटे.

उंटावरून
सामानाबद्दल दोन ओळी. ट्रेकचे बूट विमानात पायात घाला. बॅग हरवली तर बाकी सगळं विकत मिळतं, रुळलेले बूट मिळत नाहीत. काठ्या चेक-इनमध्ये, पॉवर बँक कायम हातसामानात. हाच कार्यक्रम कधी न्यूझीलंडला केलात तर बुटांचे तळवे ब्रशने घासून न्या आणि वापरलेलं ट्रेकचं सामान फॉर्मवर जाहीर करा. मातीतून येणाऱ्या बियाण्यांबाबत ते फार काटेकोर आहेत.

निवांत_नाना
मी त्या हदीदबाईंच्या स्थानकांचे फोटो बघितले. तिथे बसायला बाक आहेत का?

पाणवठा
नाना, वर झेगरूबंला गच्चीवर आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. समोर अख्खं शहर आणि पलीकडे पाटशरकोफेल डोंगर.

निवांत_नाना
मग मी येतोय.

झोळीवाला
माझ्या रुमालाच्या जागेवरून एक प्रश्न. मेहुण्याला सुट्टी फक्त जानेवारीत मिळते. हेच सगळं तेव्हा जमेल?

दगडफूल
ट्राम, चर्च, केबल कार, सगळं जमेल. वरच्या वाटा नाही. हिवाळ्यात हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा पायऱ्यांनी रोज जाहीर होतो. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण जीव जाण्याच्या बऱ्याच घटना त्याच पायरीला घडतात. खुणा केलेल्या, मोकळ्या ठेवलेल्या हिवाळी वाटांवरच चाला, आणि मेहुण्याला स्की शिकायचं असेल तर नवा धागा काढा. इथे खिडकीताईंचे सासरे फुल्पमेसचं वेळापत्रक मागताहेत.